आठवीच्या वर्गाचा हंडा

धुळ्याच्या कनोसा कॉन्व्हेंट शाळेत तांब्याचा एक हंडा आहे. तो घडला सोनगीरला, आमच्या पडवीत. पण त्याच्या अंगावरचे ठोके आमच्या घरातल्या हातांचे नाहीत. 1999 साली आठवीत असलेल्या मुलांचे आहेत. कुणाचा ठोका खोल गेलाय, कुणाचा घसरलाय, एका जागी तर लागोपाठ तीन बसलेत. तांबटाच्या नजरेनं पाहिलं तर हंडा वाकडा आहे. दरवर्षी जानेवारीत मी चिंच आणि मीठ घेऊन जातो आणि तो घासून देतो. यंदाही गेलो होतो.

या हंड्याची हकीकत सांगायची तर आधी आमच्या धंद्याची सांगायला हवी. आणि धंद्याची सांगायची तर ती मला कळली कशी, तेही सांगायला हवं. वयाच्या बाराव्या वर्षापासून मी हातोडा धरला, पण त्रेचाळीस वर्षांचा होईपर्यंत आमच्या कामाला मागचा काही इतिहास असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. बाप करत होता, आजा करत होता, म्हणून मी करत होतो. कुणी विचारलं नाही, म्हणून मीही कुणाला विचारलं नाही. ते पहिल्यांदा विचारलं माझ्या मुलीच्या शाळेनं.

सोनगीर धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई–आग्रा रस्त्यावर, वीसेक किलोमीटरवर आहे. शिरपूरकडे निघालेल्या माणसाला गावाशेजारची बुटकी टेकडी आणि तिच्यावरची पडकी तटबंदी दिसते. तो आमचा किल्ला. चढायला अर्धा तास पुरतो. वर एक खोल विहीर आहे. लहानपणी आम्ही तिच्यात खडा टाकून आवाज यायची वाट बघायचो. या किल्ल्यानं फारुकी सुलतान पाहिले, 1601 साली अकबरानं असीरगड घेतल्यावर मोगल पाहिले, मग मराठे आणि 1818 मध्ये इंग्रज. गावाचं नाव सुवर्णगिरीवरून पडलं, असं जुनी माणसं सांगतात. सोनं कुणी पाहिलं नाही. गावाला नाव मिळालं ते तांब्या-पितळेनं. खानदेशात लग्न ठरलं की भांड्यांसाठी बैलगाडी सोनगीरला यायची, ही गोष्ट माझी आजी रोज सांगायची.

आम्ही त्वष्टा कासार. कालिका ही आमची देवी. आमच्या गल्लीत सकाळी सहाला ठोके सुरू व्हायचे आणि दिवेलागणीला थांबायचे. बाहेरचा माणूस आला की कानावर हात ठेवायचा. आमच्या घरातली म्हातारी माणसं सगळीच मोठ्यानं बोलायची, कारण त्यांना ऐकूच कमी यायचं. मलाही आता उजव्या कानानं कमी ऐकू येतं.

हंडा कसा होतो ते थोडक्यात सांगतो. तांब्याचा पत्रा गोल कापायचा, भट्टीत लाल करायचा, थंड करायचा आणि जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटावर धरून ठोकायचा. तांबं ठोकत गेलं की ताठरतं. ताठरल्यावरही ठोकत राहिलं तर ते फाटतं. म्हणून पुन्हा भट्टी, पुन्हा नरम करणं, पुन्हा ठोके. एका हंड्याला हे किती वेळा करायचं ते पत्र्याच्या जाडीवर आणि तांबटाच्या हातावर. बूड वेगळं करतात, गळा वेगळा. जोडायच्या कडांना दाते पाडायचे, एकाचे दाते दुसऱ्यात बसवायचे, टाकणखार आणि डाख भरून भट्टीत झाळायचं. जुन्या हंड्याच्या पोटावर करवतीसारखी नागमोडी रेघ दिसते, ती ही. ती दिसली तर समजा, भांडं हातानं घडलेलं आहे.

शेवटचं काम मठारायचं. सगळ्या अंगावर ओळीनं, एकाला एक चिकटून, सारख्या जोराचे ठोके घालायचे. त्यानं भांडं उजळतं आणि तांब्याला बळही येतं. पातळ पत्र्याचा हंडा मठारला की पोचे सहज पडत नाहीत. हे काम शेवटी शिकवतात, कारण त्यात लपवायला जागा नाही. प्रत्येक ठोका दिसतो. आमच्या गल्लीत मठार बघून कुणाचा हात आहे ते सांगणारे होते. माझ्या बापाचे ठोके बारीक आणि दाट, चुलत्याचे रुंद. मी आजही एखाद्या घरात बापाचा हंडा बघितला तर ओळखतो.

माझ्या काळात हे काम झपाट्यानं उतरत गेलं. मी शाळेत होतो तेव्हा गावात स्टीलची ताटं आली. आधी पाहुण्यांसाठी, मग रोजची. स्टीलला कल्हई नको, चिंच नको, कळकणं नाही. बायकांचे हात मोकळे झाले, आणि त्याबद्दल मी स्टीलला दोष देत नाही. माझ्या आईनं आयुष्यभर राखेनं भांडी घासली, तिच्या बोटांच्या चिरा मला आठवतात. पण त्याबरोबर एक गोष्ट झाली. जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघाली. एका हंड्याच्या मोडीच्या पैशात स्टीलची पाच-सहा भांडी यायची. गाड्याच्या गाड्या मोड आमच्याच दुकानात यायची. आम्हीच ती तोलून घ्यायचो आणि पुढे पाठवायचो. माझ्या आजोबानं घडवलेली घागर मी स्वतः काट्यावर टाकली आहे.

त्या काळात, 1985 साली, आमची थोरली जन्मली आणि तीन वर्षांनी धाकटी. मुलगा नाही. नातलग म्हणाले, आता ही ऐरण कुणाची? माझी आई अहिराणीत एवढंच म्हणाली, ‘आंडेरस्ले शिकाडा.’ मुलींना शिकवा. ती स्वतः एक दिवसही शाळेत गेली नव्हती.

गावात शाळा होत्या आणि चांगल्या होत्या. मी तिथेच शिकलो. पण बायकोच्या मनात इंग्रजी शाळा होती. तिचा भाऊ धुळ्याला, जुन्या पेठेत राहतो. तिथल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. इंग्रजांनी खानदेश घेतल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळ्याला ठाणं केलं आणि सरळ रेघांची पेठ आखली. तिथल्या माणसांचे पत्ते आजही गल्ली नंबरानं सांगितले जातात. थोरलीला मामाकडे ठेवायचं ठरलं. एका शाळेत आम्ही दोघं गेलो. तिथे मुलीची कमी आणि आमचीच परीक्षा जास्त झाली. आईबापांना इंग्रजी येत नाही, घरी अभ्यास कोण घेणार, असं म्हणून नाही म्हणाले. बायको रस्ताभर बोलली नाही.

मग कनोसात गेलो. समोर बसलेल्या सिस्टर मराठी बोलत होत्या, आणि त्यांचं मराठी आमच्यापेक्षा वेगळं, हेल काढून बोललेलं. त्या वसईच्या होत्या. वसईत शेकडो वर्षांपासून मराठी बोलणारे कॅथलिक राहतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी. फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘धंदा’ असं लिहिलं होतं. सिस्टरनी विचारलं, कसला? मी म्हणालो, भांड्यांचा. विकता की करता? करतो. मग तांबट लिहा, त्या म्हणाल्या, तो शब्द चांगला आहे. त्यांनी पेन माझ्याकडे परत दिलं. मी ‘धंदा’ खोडून ‘तांबट’ लिहिलं. आमच्या घराचं आणि त्या शाळेचं नातं त्या दिवसापासून धरायला हवं. शाळेनं मला काही दिलं म्हणून नव्हे. मी जो आहे ते लिहायला सांगितलं म्हणून.

या सिस्टरांची संस्था कुठली, ते मला पुढे कळलं. इटलीतल्या व्हेरोना शहरात मॅग्डलिन नावाची एक मुलगी 1774 साली सरदार घराण्यात जन्मली. त्यांच्या घराण्याचं नाव कनोसा. नेपोलियनच्या लढायांनी व्हेरोना पार पिळून निघालं होतं, रस्त्यावर पोरक्या मुली फिरत होत्या. 1808 मध्ये तिनं वाडा सोडला आणि गरीब वस्तीत जाऊन मुलींची शाळा काढली. त्या शाळेत अक्षरओळख आणि धर्मशिक्षणाबरोबर हातकाम शिकवलं जाई, मुलीला पोट भरता यावं म्हणून. 1835 साली ती वारली. 1860 मध्ये तिच्या संस्थेच्या सिस्टर जहाजानं हाँगकाँगला पोचल्या, आणि तिथून पुढे पूर्वेकडच्या देशांत शाळा निघत गेल्या. 1988 मध्ये रोमनं तिला संत म्हणून जाहीर केलं. मला या सगळ्यातली एकच गोष्ट मनात धरून ठेवावीशी वाटते. अक्षर आणि हातकाम एकाच छपराखाली. आमच्याकडे ही दोन वेगळी घरं होती. ज्याच्या हातात पुस्तक, त्याच्या हातात हातोडा नसायचा.

महाराष्ट्रात कॅथलिक शाळा काही नव्या नाहीत. पुण्याचं सेंट व्हिन्सेंट 1867 चं, मुंबईचं सेंट झेवियर 1869 चं. आमच्या खानदेशात कॅथलिक लोक रेल्वेमागून आले असं म्हणता येईल. भुसावळचं जंक्शन झालं, तिथे गोव्याचे आणि अँग्लो-इंडियन नोकरदार आले, त्यांच्यामागून चर्च आणि शाळा आली. खानदेशचा हा भाग आधी पुण्याच्या धर्मप्रांतात होता, 1987 साली नाशिकचा वेगळा धर्मप्रांत झाला. पण शाळेवर जीव लावायला खानदेशात मिशनरी यावे लागले, असंही नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहातल्या पोरांची अंथरुणं ते स्वतः आवरत. त्या शाळेतून शिकून गेलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून मी ‘आमची शाळा’ हा शब्द ऐकला आहे. तो मला शाळेतून शिकून गेलेल्यांपुरताच वाटायचा. त्या शाळेत स्वतः न शिकलेल्या बापालाही तो वापरता येतो, हे मला कनोसानं शिकवलं.

गावात कुजबुज झालीच. पोरींना बाटवतील, असं दोघा-तिघांनी बोलून दाखवलं. मी थोरलीला विचारलं, प्रार्थना कसली असते? तिनं म्हणून दाखवली. त्यात देवाचे आभार होते आणि आईबापांसाठी मागणं होतं. घरी श्रावणात कानबाई बसली की ती रोट आणि पुरणाचा नैवेद्य खायची, डिसेंबरात शाळेतल्या गोठ्याच्या देखाव्यासाठी कागदी चांदण्या कापायची. तिच्या डोक्यात याची भांडणं कधी झाली नाहीत. माझ्याही झाली नाहीत. पाचवीपासून ती एसटीच्या पासवर सोनगीरहून जाऊ-येऊ लागली, मागोमाग धाकटीही. सकाळी फाट्यावर दोघींना बसमध्ये बसवून मी भट्टी पेटवायचो.

1998 च्या दिवाळीच्या सुटीत थोरली आठवीत होती. इतिहासाच्या बाईंनी काम दिलं होतं: आपल्या घरात जे काम चालतं त्याचा इतिहास लिहा. तो पुस्तकातून न काढता विचारून लिहायचा. वही घेऊन ती भट्टीशेजारी बसली. पहिला प्रश्न: हे काम आपल्याकडे किती वर्षांपासून आहे? मी म्हणालो, खूप. किती? मी गप्प. दुसरा: तांबं कुठून येतं? मुंबईहून, तांबाकाट्याच्या व्यापाऱ्याकडून. त्याच्याकडे कुठून येतं? मी पुन्हा गप्प. तिसऱ्या प्रश्नाला मी हातोडा खाली ठेवला. तीस वर्षं ज्या धातूला हात लावत होतो, त्याचं मला काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात गेलो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यातच 31 डिसेंबर 1926 रोजी वारले, त्यांच्या दप्तरांसाठी दुसऱ्या वर्षी ही संस्था उभी राहिली. मी त्या इमारतीसमोरून शेकडो वेळा भांड्यांची हातगाडी नेली होती, आत कधी गेलो नव्हतो. तिथल्या माणसानं खानदेशचं जुनं गॅझेटियर काढून दिलं. 1880 चं, कॅम्पबेल साहेबानं संपादलेलं, मुंबई गॅझेटियरचा बारावा खंड. मुलीनं इंग्रजी वाचलं आणि मला मराठीत सांगितलं. सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं मोठं नाव आहे, आणि इथे घोंगड्या आणि जाडंभरडं कापडही होतं, एवढंच. पण त्या ओळीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी आम्हाला लिहून ठेवलं होतं, आणि ते मला वाचून दाखवणारी माझीच पोर होती.

तांब्याची वाटही तिनं पुढे पुस्तकांतून शोधली. सतराव्या शतकात डच व्यापारी जपानचं तांबं सुरतेच्या बंदरात उतरवत. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ता खानदेशातून जाई. पुढे इंग्रजी राज्यात विलायती पत्रा आला, आणि पाटाऐवजी पत्र्यावर काम सुरू झालं. त्याआधी तांबट धातूचा पाट ठोकून स्वतः पत्रा करत, माझ्या आज्यानं ते पाहिलं होतं. स्वातंत्र्यानंतरही देशात तांबं पुरेसं निघत नव्हतं, बाहेरून यायचं. माझ्या बापाच्या तोंडी ‘कोटा’ हा शब्द असायचा, त्याचा अर्थ मला त्या वर्षी कळला.

पण पुस्तकात सोनगीरची एकच ओळ. मग थोरलीनं एक युक्ती काढली, आणि मला तिचा अभिमान वाटतो तो याचसाठी. भांड्यांवर नावं असतात. आपल्याकडे लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून देतात. हल्ली मशीननं घालतात, आधी तांबट छिन्नीनं टिंबंटिंबं पाडून घालायचा. कुणी दिलं, कुणाला, कशाप्रीत्यर्थ, आणि साल. शके किंवा इसवी. आम्ही घरोघर फिरलो. म्हाताऱ्या बायकांनी माळ्यावरून, कोनाड्यातून, धान्याच्या कणगीमागून भांडी काढली. काहींना वाटलं, मी मोड घ्यायला आलोय. पोरीनं वही दाखवली, मग चहा मिळाला. तिनं दोन महिन्यांत ऐंशीवर नावं उतरवली. आमच्या घरातला सर्वांत जुना हंडा शके 1851 चा निघाला, म्हणजे 1929 चा. माझ्या आजीच्या लग्नातला. त्यावर तिच्या माहेरच्या गावाचं नाव होतं. ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती त्या गावाला पुन्हा कधी गेली नव्हती.

आमच्याकडे रोजमेळ नाहीत, दप्तर नाही, तांबटाचं नाव कुठल्या पुस्तकात येत नाही. आमच्या धंद्याचं दप्तर म्हणजे ही भांडी. आणि ते दप्तर मी स्वतः तोलून मोडीत पाठवत होतो.

तिची वही बाईंनी वाचली, मग वसईच्या सिस्टरांनी. फेब्रुवारीत निरोप आला, वडिलांना हत्यारं घेऊन यायला सांग. मी नको म्हणत होतो. बायकोनं धुतलेला सदरा काढून ठेवला. मी अर्धा झालेला एक हंडा घेतला, जोडलेला, घासलेला, फक्त मठारायचा बाकी. खुंट, दोन हातोडे, आणि एसटीच्या मागच्या बाकावर बसून धुळ्याला.

वर्गात मी पहिले चार ठोके घातले आणि शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. त्यांना वाटलं, छत पडतंय. मग सगळे मैदानाकडेच्या झाडाखाली गेलो. खुंट मातीत रोवला. फेब्रुवारी होता, झाडावर तांबट पक्षी बोलत होता. टुक, टुक, टुक. आमच्या कामाचा आवाज काढतो म्हणून त्याला आमचं नाव. मी मुलांना सांगितलं, हा वरचा माझा भाऊबंद. मुलांनी वर पाहिलं. मी ठोकत होतो, तो बोलत होता, आणि मुलं दोन्हींचा ताल मोजत होती.

एका मुलानं विचारलं, मी मारू का? मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, तुमचा हंडा आहे, तुम्ही ठरवा. मी हातोडा त्याच्या हातात दिला. मग रांगच लागली. प्रत्येकाच्या मनगटाला धरून मी कोन दाखवला, मग हात सोडला. माझी थोरली शेवटी आली. तिला मी कधी हातोडा धरू दिला नव्हता. आमच्यात मुली ठोकत नाहीत, घासतात. तिनं दोन ठोके घातले. दोन्ही बरोबर, एकाला एक लागून. बघून बघून तिचा हात तयार झाला होता आणि मला चौदा वर्षं ते दिसलं नव्हतं.

हंडा घरी नेतो, नीट मठारून आणून देतो, असं मी म्हणालो. एका दिवसाचं काम होतं. सिस्टर म्हणाल्या, नका. आमच्या वसईत माझ्या आईचा हंडा होता, तो विहिरीवर पडून पोचलेला होता, आम्ही पोच्यावरून तो आमचा म्हणून ओळखायचो. हा असाच राहू दे. मी तिथेच बसून गळ्यावर छिन्नीनं नाव घातलं: आठवीचा वर्ग, 1999. खाली गाव, सोनगीर. माझं नाव घातलं नाही. ठोके माझे नव्हते.

पुढचं फार लांबवत नाही. 2000 सालच्या ऑक्टोबरात रोममध्ये जोसेफिन बखिता संत म्हणून जाहीर झाल्या. सुदानातून लहानपणी पळवून गुलाम म्हणून विकलेली मुलगी, पुढे इटलीत कनोसाची सिस्टर झाली, स्कियो गावी स्वयंपाक, शिवणकाम आणि दार सांभाळायचं काम करत 1947 साली वारली. थोरलीनं ही गोष्ट घरी येऊन माझ्या आईला अहिराणीत सांगितली. आईनं सगळी ऐकली आणि विचारलं, तिची माय तिला मिळाली का पुढे? थोरली म्हणाली, नाही. आई बराच वेळ बसून राहिली. नंतर देवघरात दिवा लावताना तिनं त्या बाईचं नाव घेतलं, तिला जमेल तसं.

थोरली 2001 ला दहावी झाली, धाकटी 2004 ला. थोरली धुळ्यातच औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, धाकटी पुण्याला शिकवते. दोघी तांबट झाल्या नाहीत, होणारही नव्हत्या. 2011 साली मी भट्टी विझवली. खांदा उचलेना, आणि हातच्या हंड्याला मजुरीइतकाही भाव मिळेना. आता दुकान आहे, त्यात मशीनची भांडीही आहेत. गावात अजून काही घरी ठोके चालतात, आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यावं म्हणून शहरातली माणसं पुन्हा विचारत येतात, हे चांगलं आहे. पण आमच्या घरातली ऐरण थांबली, ही गोष्ट मी झाकत नाही. लोक म्हणतात, शाळेनं पोरी नेल्या. मी म्हणतो, स्टीलनं धंदा नेला होताच, शाळेनं त्याची आठवण राखली. ती वही नसती तर सोनगीरच्या ऐंशी भांड्यांवरच्या नावांपैकी निम्मी आज कुठेच नसती, कारण तेवढी भांडी तेव्हापासून आजवर मोडीत गेली आहेत. वहीत ती आहेत.

वसईच्या सिस्टर बदलून गेल्या, मग दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. नव्या सिस्टरना दरवेळी मी हंड्याची गोष्ट सांगतो. थोरलीची मुलगी आता त्याच शाळेत सहावीत आहे. यंदा जानेवारीत मी हंडा घासत होतो तेव्हा ती मधल्या सुटीत आली आणि विचारलं, आजोबा, यातला आईचा ठोका कुठला? मी तिचं बोट धरून गळ्याखालच्या त्या दोन ठोक्यांवर ठेवलं.

वाचकांना माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात तांब्या-पितळेचं जुनं भांडं असेल, तर मोडीत घालण्याआधी ते उलटं करा, गळा बघा, काठ बघा. चिंचेनं घासलं की टिंबं वर येतात. त्यावरचं नाव, गाव आणि साल एका वहीत उतरवून घ्या, आणि ती वही तुमच्या पोराबरोबर शाळेत पाठवा.